सात खुर्च्या, दहा चॅनेल: जळगावात हेल्पलाइन उभी करताना

केळी, कापूस आणि ठिबकवाल्या शेतकऱ्यांसाठी हेल्पलाइन उभारायची म्हटली की पहिल्या बैठकीत हेडसेट कुठला घ्यायचा यावर चर्चा होते, दुसरीत सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर. कॉल किती येतात, कुठल्या तासाला येतात आणि एक कॉल किती वेळ चालतो हे कुणी विचारत नाही. जळगावचं काम आम्ही तिथूनच सुरू केलं, कारण लाइन किती, माणसं किती, इंटरनेट किती, बॅटरी किती हे सगळं या तीन आकड्यांतूनच निघतं.

आधीची व्यवस्था खान्देशात जागोजागी दिसते तशीच होती: टेबलावर चार मोबाइल, चौघांचे चार नंबर. शेतकरी पहिला लावतो, तो व्यस्त. दुसरा कुणी उचलत नाही. तिसऱ्यावर पुन्हा नाव, गाव, गट नंबर सांगायला सुरुवात. अशा मोबाइलच्या कॉल लॉगमधून आकडे काढताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकाच नंबरावरून अर्ध्या तासात आलेले कॉल मिळून एक धरायचा, नाहीतर वैतागून चारदा लावणारा माणूस हिशेबात चार गिऱ्हाइकं होऊन बसतो. आणि कॉल वेटिंग बंद असलेल्या मोबाइलवर व्यस्त असताना आलेला कॉल लॉगमध्ये उमटतच नाही. त्यामुळे आधी सगळ्या मोबाइलवर कॉल वेटिंग चालू करायचं आणि मगच मोजायला बसायचं.

दिवसाला सरासरी इतके कॉल, या आकड्याचा उपयोग फक्त सादरीकरणात. कामाचा आकडा गर्दीच्या तासाचा. इकडे तो तास शेतीपंपाच्या वीजपाळीवर ठरतो. दिवसाची पाळी असलेल्या आठवड्यात वीज आली, मोटार चालू झाली, ठिबकला प्रेशर मिळेना की लगेच फोन सुरू. मे महिन्यात दुपारी बारा ते चार शेतात कुणी नसतं, तेव्हा फोनही शांत. संध्याकाळी पुन्हा चढ. जानेवारीत थंडीचा चरका बसला की रावेर-यावल पट्ट्यातून सकाळी एकदम भडिमार, आणि मे-जूनच्या वादळात केळी आडव्या झाल्या की त्या दिवसाला कुठलंच गणित लागू पडत नाही. म्हणून गणित नेहमीच्या गर्दीच्या तासावर करायचं आणि वादळाच्या दिवसाची तजवीज वेगळी ठेवायची.

गणिताचं एकक एरलांग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाच्या नावाचं. त्याची सूत्रं १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजचं महागडं वर्कफोर्स सॉफ्टवेअरही आतून बहुधा त्यांवरच चालतं. एक लाइन पूर्ण तासभर व्यापलेली म्हणजे एक एरलांग. ताशी ६० कॉल, प्रत्येकाला ३ मिनिटं बोलणं आणि फोन ठेवल्यावर १ मिनिट नोंद, असे ४ मिनिटं धरले तर २४० मिनिटं, म्हणजे ४ एरलांग. इथे हमखास निष्कर्ष निघतो की मग चार माणसं पुरे. चार बसवली तर रांग कधीच संपत नाही, वाढतच जाते. कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी दोन मिनिटं शांतता, मग एकदम पाच.

रांगेचं गणित सांगणाऱ्या एरलांग सी या सूत्रात हेच आकडे घातले तर पाच माणसांवर निम्म्याहून जास्त कॉल रांगेत थांबतात आणि सरासरी थांबणं १३३ सेकंद. सहा माणसांवर तेच ३४ सेकंद, २० सेकंदांच्या आत उचलले जाणारे कॉल ७६ टक्के. सात माणसांवर सरासरी ११ सेकंद आणि २० सेकंदांत ८९ टक्के. कॉल सेंटरच्या धंद्यात ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे असं सर्व्हिस लेव्हलचं माप रूढ आहे, त्यात सहा बसत नाहीत, सात बसतात. पाचाची सहा केली तर थांबणं पावपट होतं, सहाची सात केली तर उरलेल्याचा तिसरा हिस्सा राहतो, आठवा माणूस मात्र फारसं काही बदलत नाही. मालकाला हे चार ओळींच्या तक्त्यात दाखवलं की वाद लवकर मिटतो.

सात खुर्च्यांवर प्रत्येक जण तासातला ५७ टक्के वेळच कामात असतो. याला ऑक्युपन्सी म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे रिकामे बसलेले वाटतात आणि दोघांना दुसऱ्या कामाला लावण्याचा मोह होतो. लहान सेंटरला ही किंमत मोजावीच लागते. शंभर खुर्च्यांच्या सेंटरमध्ये ऑक्युपन्सी ८५ टक्क्यांवर नेऊनही रांग आटोक्यात राहते, सातांच्या सेंटरमध्ये नाही. आणि खुर्चीवर सात हवेत म्हणजे पगारपत्रकावर दहा हवेत: रजा, जेवण, चहा, प्रशिक्षण मिळून ३० टक्के वेळ जातोच. त्याला श्रिंकेज म्हणतात. अक्षयतृतीयेला आणि पोळ्याला ही टक्केवारी कागदावरच राहते, तेव्हाचं वेळापत्रक महिनाभर आधी हातानेच लावावं.

आता लाइन. माणसं जितकी तितक्याच लाइन, हा दुसरा ठरलेला गैरसमज. फोन ठेवल्यावरचं नोंदीचं मिनिट लाइन अडवत नाही, उलट आयव्हीआर, म्हणजे ‘१ दाबा, २ दाबा’ सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज, ऐकताना आणि रांगेत थांबताना माणूस एजंटला नाही पण लाइनला अडवतो. आयव्हीआरचे ४० सेकंद, रांगेचे ११ आणि बोलण्याचे १८० असे २३१ सेकंद, गुणिले ६० कॉल, म्हणजे ३.८५ एरलांग. थांबायला जागा नसलेल्या साधनाला एरलांग बी लागू होतं: सात चॅनेल, म्हणजे एका वेळी सात कॉलची जागा, ठेवली तर शेकडा साडेपाच लोकांना नुसता व्यस्त टोन ऐकू येतो, नऊवर हे प्रमाण १.१ टक्के, दहावर अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणून आत येणाऱ्या कॉलसाठी दहा, आणि परत फोन लावण्यासाठी पाच वेगळे. व्यस्त टोन ऐकून गेलेला कॉल आपल्या रिपोर्टमध्ये येतच नाही हे लक्षात ठेवावं. लाइन कमी पडतात आणि रिपोर्ट मात्र हिरवागार दिसतो, तो यामुळे. गर्दीच्या तासात किती चॅनेल एकाच वेळी भरले होते हे रोज बघायचं. दहाच्या दहा भरलेले दिसले की बाहेर कुणीतरी परत गेलंय असं समजायचं.

लाइन दोन प्रकारांनी मिळते. पीआरआय ही जुनी, भरवशाची पद्धत: २.०४८ मेगाबिटच्या ई-१ जोडणीत ६४ किलोबिटचे ३२ कप्पे, त्यातला शून्य नंबरचा ताळमेळासाठी, सोळा नंबरचा सिग्नलिंगसाठी, उरलेले ३० बोलण्यासाठी. सिग्नलिंगच्या कप्प्याला डी चॅनेल म्हणतात. कॉल सांभाळणाऱ्या आपल्या सर्व्हरमध्ये ही जोडणी ज्या कार्डात येते, त्यावरचा दिवा हिरवा पण एकही कॉल लागत नाही, असं दिसलं की बहुतेक वेळा डी चॅनेल वर आलेला नसतो. सीआरसी-४ नावाची चूक-तपासणी एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तरी गाडी इथेच अडते. लाल अलार्म म्हणजे आपल्याला समोरचं काही ऐकू येत नाही, पिवळा म्हणजे समोरच्याला आपलं ऐकू येत नाही. पिवळ्यावर केबलच्या जाणाऱ्या जोडीपासून तपासणी सुरू करायची. घड्याळ नेहमी टेलिफोन कंपनीकडून घ्यायचं. आपलं कार्ड स्वतःच्या घड्याळावर चालवलं तर कॉल लागतात, आवाजही येतो, पण मध्येच टिक-टिक ऐकू येते आणि फॅक्स तर जातच नाही.

दुसरी पद्धत एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटसारख्या डेटा जोडणीवरून येणारी टेलिफोन लाइन. इथे चॅनेल हवे तितके मागता येतात, पंधराचे तीस करायला कार्ड बदलावं लागत नाही. वादळाच्या दिवसाचा विचार करून आम्ही हीच घेतली. मोठ्या टेलिफोन कंपन्या ट्रंक बहुधा स्वतःच्याच फायबरवर खासगी आयपी देऊन उतरवतात, म्हणजे सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट: एक ट्रंकचं, एक ऑफिसचं. घोटाळा इथेच होतो. कंपनीकडून कागदावर एकच आयपी येतो, सिग्नलिंगचा. आवाज मात्र त्यांच्या दुसऱ्याच आयपीवरून येतो. त्या दुसऱ्या पत्त्याकडे जाण्याची वाट, म्हणजे रूट, सर्व्हरमध्ये घातलेली नसेल तर आपला आवाज ऑफिसच्या इंटरनेटकडे निघून जातो. परिणाम: रिंग जाते, फोन उचलला जातो, आणि दोन्हीकडे किंवा एकीकडे शांतता. कंपनीला फोन करण्याआधी मीडियाचे सगळे आयपी लेखी मागावेत. पहिल्या फोनवर ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’ हेच उत्तर मिळतं.

एकतर्फी आवाज हा या धंद्यातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष. एसआयपी आणि आवाज या दोन वेगळ्या वाटा आहेत. कॉल जोडणं, तोडणं, वळवणं ही बोलणी एसआयपीने होतात, साधारण ५०६० पोर्टवर; आवाज आरटीपीने जातो, ॲस्टेरिस्क या सर्व्हरवरच्या टेलिफोन सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंगला १०००० ते २०००० या पोर्टांवर. आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता एसआयपीच्या निरोपातल्या एसडीपीत लिहिलेला असतो. शिरपूर किंवा शहाद्याच्या घरून बसणाऱ्या एजंटचा फोन तिथे स्वतःचा १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता लिहितो, आणि सर्व्हर इमानदारीने त्या पत्त्यावर आवाज पाठवत राहतो. तो कुठेच पोहोचत नाही. तपासायचं असं: सर्व्हरवर एसएनग्रेप हे एसआयपीचे निरोप दाखवणारं साधन चालवून तो एकच कॉल उघडायचा, एसडीपीत ‘सी’ अक्षराने सुरू होणारी ओळ बघायची. तिथे घरगुती पत्ता दिसला तर सर्व्हरच्या नॅटच्या, म्हणजे आतले-बाहेरचे पत्ते बदलण्याच्या, सेटिंगकडे जायचं, बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क दोन्ही भरायचं. पत्ता बरोबर असेल तर आरटीपीची पाकिटं, म्हणजे आवाजाचे तुकडे, मोजायची: २० मिलिसेकंदाला एक, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५०. एका दिशेला ५० आणि दुसऱ्या दिशेला शून्य दिसलं की दोष शून्याच्या दिशेच्या फायरवॉलमध्ये. आणि घरगुती राउटरमधलं एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग सगळ्यात आधी बंद करायचं. मदत करायच्या नावाखाली ते निरोपातले पत्ते अर्धवट बदलून ठेवतं.

कॉल किती वेळाने तुटतो यावरूनही दोष ओळखता येतो. बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर फोन उचलल्याची पोच, म्हणजे एसीके, सर्व्हरपर्यंत आलेली नाही. उत्तर पुन्हा पुन्हा पाठवून सर्व्हर ३२ सेकंदांनी हार मानतो. दर वेळी १५ मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने तुटत असेल तर सेशन टायमर: मूळ मुदत १८०० सेकंद, तिचं नूतनीकरण निम्म्या वेळेला होतं आणि तोच निरोप वाटेत अडतोय. बाहेर फोन लागतो पण आत येत नाही, दोन-चार मिनिटांनी कधी येतो कधी नाही, असं असेल तर राउटरने रिकामी वाट बंद केलेली असते. सर्व्हरकडून दर ३० सेकंदांनी ऑप्शन्सचा निरोप पाठवत राहिलं की वाट उघडी राहते. कुठल्याही क्षणी, कशाही वेळाने तुटणारा कॉल मात्र बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या मोबाइलची रेंज असते. सातपुड्याच्या पायथ्याला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, त्यावर इकडून काही इलाज नाही. म्हणून एजंटने पहिल्या वाक्यातच नंबर खात्री करून घ्यायचा आणि तुटला की आपणच लावायचा.

आवाजाला इंटरनेट किती लागतं? जी.७११ कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत, वापरली तर एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ किलोबिट, पंधरा कॉलना १.३ मेगाबिट. जी.७२९ ला सुमारे ३१ किलोबिट, पण आवाज जरा पत्र्याचा येतो आणि होल्डचं संगीत तर फाटतंच. भारतात जी.७११ चा ए-लॉ प्रकार चालतो; सर्व्हरवर अमेरिकी म्यू-लॉ आधी ठेवला तर उगाच रूपांतर होत बसतं. शंभर मेगाबिटच्या ब्रॉडबँडवर दीड मेगाबिट म्हणजे काहीच नाही, तरी आवाज तुटतो. कारण सीसीटीव्हीचं फुटेज नाहीतर टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढत असतो आणि अपलोडची रांग तुंबते. पाकिटांच्या अंतरातला हा चढउतार म्हणजे जिटर. तो ३० मिलिसेकंदांच्या आत, गळती एका टक्क्याच्या आत आणि एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलताना काही जाणवत नाही. इलाज दोनच: आवाजाच्या पाकिटांवर डीएससीपी ४६ ची खूण घालून राउटरमध्ये त्यांना पुढे सोडणं, आणि एकूण अपलोडला लाइनच्या क्षमतेच्या जरा खाली बांध घालणं. ही खूण आपल्या राउटरपर्यंतच चालते. पुढे उघड्या इंटरनेटवर तिला कुणी विचारत नाही.

नंबरांच्या बाबतीत एक किरकोळ वाटणारी गोष्ट खूप त्रास देते. येणारा नंबर कधी दहा आकडी, कधी पुढे शून्य, कधी ९१, कधी अधिकचं चिन्ह लावून येतो, आणि शेतकऱ्याची माहिती आपोआप स्क्रीनवर आणणारं सॉफ्टवेअर प्रत्येक रूपाला नवा माणूस समजतं. शेवटचे दहा आकडे घेऊनच जुळवणी करायची. लँडलाइनलाही हे चालतं: जळगावचा ०२५७ आणि पुढे सात आकडे, धुळ्याचा ०२५६२ किंवा नंदुरबारचा ०२५६४ आणि पुढे सहा, शून्य वगळलं की बेरीज दहाच. बाहेर लावताना उलटं: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो, तो डायल प्लॅनमध्येच, म्हणजे सर्व्हरच्या नंबर लावण्याच्या नियमांतच, घालून टाकायचा, एजंटच्या लक्षात राहील या भरवशावर सोडायचा नाही. आणि बाहेर जाताना दिसणारा नंबर कंपनीने आपल्याला दिलेल्या नंबरांपैकीच (त्यांना डीआयडी म्हणतात) हवा, नाहीतर ट्रंक ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, असं उत्तर देऊन कॉल परत फेकते.

१८०० चा नंबर घ्यायचा की साधा? १८०० म्हणजे वेगळी लाइन नसते, तो आपल्याच एखाद्या नंबरावर वळवलेला असतो, आणि कॉलचे पैसे आपण भरतो. आता बहुतेकांच्या पॅकमध्ये बोलणं अमर्याद असल्याने शेतकऱ्याला फुकटाचं फारसं आकर्षण उरलेलं नाही. केंद्र सरकारच्या किसान कॉल सेंटरमुळे, जे २१ जानेवारी २००४ पासून चालू आहे आणि आता १८००-१८०-१५५१ वर लागतं, या आकड्यांवर विश्वास मात्र बसलेला आहे. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर घ्यावा. परवान्याची कटकट बरीच कमी झाली आहे: कॉल सेंटरसाठी लागणारी दूरसंचार विभागाची ओएसपी नोंदणी आणि बँक हमी नोव्हेंबर २०२० मध्ये रद्द झाली, जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. पण हेल्पलाइनच्याच नंबरावरून बियाण्याची जाहिरात करायला लागू नये. जाहिरातीच्या कॉलसाठी ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीत नोंदणी आणि वेगळी १४० ची मालिका आहे. साध्या नंबरावरून तेच केलं तर १९०९ वर तक्रारी जातात आणि नंबरच बंद होतो.

आयव्हीआरमध्ये जितकं कमी बोलाल तितकं बरं. स्वागत, पाणी वाचवा, कंपनीचा इतिहास असलं सगळं काढून टाकून ‘मराठीसाठी १, हिंदीसाठी २’ हे पहिल्या पाच सेकंदांत आलं पाहिजे. हिंदी लागतेच, बऱ्हाणपूर, सेंधव्याकडून फोन येतात. तिसरा पर्याय दाबायचा नाही: काही न दाबता दहा सेकंद गेली की कॉल सरळ माणसाकडे. हातात खुरपं, फोन स्पीकरवर, डोळ्यासमोर स्क्रीन नाही, अशा माणसाला बटण दाबायला लावणं म्हणजे त्याला हाकलणं. नमुने उच्च दर्जात ध्वनिमुद्रित करून मग ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनोमध्ये उतरवायचे. टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच जातं, त्यामुळे ‘श’ आणि ‘स’ सारखेच ऐकू येतात आणि कूलरची घरघर मात्र पूर्ण पोहोचते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कूलर बंद, मग मे महिना असला तरी.

बटण दाबल्यावर जाणाऱ्या आवाजाला डीटीएमएफ म्हणतात, दोन सुरांची जोडी: १ ला ६९७ आणि १२०९ हर्ट्झ. जी.७२९ मध्ये हे सूर आवाजाबरोबर पाठवले तर दाबून विद्रूप होतात आणि सर्व्हरला ओळखू येत नाहीत. म्हणून ते आरएफसी ४७३३ च्या पद्धतीने आवाजाच्याच वाटेवर वेगळी पाकिटं करून पाठवायचे. दोन्ही पद्धती एकदम चालू राहिल्या तर १ दाबल्यावर ११ पोहोचतं आणि ‘चुकीचा पर्याय’ ऐकू येतं. ट्रंकवाल्याशी हे आधीच नक्की करून घ्यावं.

बटणांऐवजी बोलून घेणारा व्हॉइस बॉट लावा, असा आग्रह हल्ली होतो. इकडे तो जपून. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया आणि केळीची केयी. प्रमाण मराठीवर शिकवलेलं यंत्र नेमकं पिकाच्या नावालाच अडखळतं. नंदुरबारकडे पावरी आणि भिलीत बोलणारा आला तर त्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा कुठला एजंट कुठली बोली समजतो हे एसीडीत कौशल्य म्हणून नोंदवायचं, आणि गेल्या वेळी ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्याकडे कॉल आधी पाठवायचा. एसीडी म्हणजे रांगेतला कॉल कुणाला द्यायचा हे ठरवणारा भाग. सगळ्यांचे फोन एकदम वाजवणारी रिंगऑल पद्धत सातांच्या सेंटरमध्येही नको; दोन चपळ माणसं सगळे कॉल उचलतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघत राहतात. ज्याचा शेवटचा कॉल सगळ्यात आधी संपला त्याला पुढचा देणारी लीस्टरिसेंट ठेवावी. १५ सेकंदांत उचलला नाही तर पुढच्याकडे, आणि न उचलणाऱ्याला आपोआप पॉजवर. हे शेवटचं घातलं नाही तर जागेवरून उठून गेलेल्या एकाच माणसाच्या खुर्चीवर कॉल पुन्हा पुन्हा जाऊन आपटत राहतात.

फोन ठेवल्यावरचा नोंदीचा वेळ, म्हणजे रॅप-अप, ६० सेकंद ठेवला आहे. तो शून्य करण्याची सूचना दर महिन्याला येते. शून्य केला की नोंद अर्धवट राहते, केळीवरचा रोग करपा की सीएमव्ही (विषाणूजन्य) ते लिहिलं जात नाही, आणि तोच शेतकरी परत पहिल्यापासून सांगतो. एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, कमी करा असा दट्ट्या लावला तरी हेच होतं: आकडा उतरतो, परत येणारे कॉल वाढतात. रिपोर्टमध्ये म्हणून एकाच नंबराचे तीन दिवसांतले पुन्हा आलेले कॉल हा रकाना पहिला ठेवावा. रांग सोडून गेलेल्यांत पहिल्या पाच सेकंदांत गेलेले धरायचे नाहीत, त्यातले बरेच चुकून लागलेले असतात.

रेकॉर्डिंग ठेवायचं तर सुरुवातीला तसं सांगायचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. साध्या १६ बिट वेव्हमध्ये तासाला ५८ मेगाबाइट लागतात, जीएसएम प्रकारात सुमारे सहा. सात जण मिळून दिवसाला ३५ तास बोलले तर दोन गिगाबाइट विरुद्ध पाव गिगाबाइटहून कमी. महिनाभर मूळ रूपात, मग दाबून.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बहुतेकांनी जिन्याखाली कोंडलेल्या असतात. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. सात संगणक, सर्व्हर, पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा), राउटर मिळून एक किलोवॉट भार धरला तर दोन तासांसाठी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरला पुरतात. एसी त्यावर घ्यायचा नाही. टेलिफोन कंपनीचा फायबरचा डबा त्याच इन्व्हर्टरवर आहे ना, हे मात्र स्वतः वायर धरून बघायचं. तो बहुतेकदा दाराजवळच्या साध्या प्लगमध्ये खोचलेला असतो.

सर्व्हर इंटरनेटला उघडा ठेवला तर काही तासांत अनोळखी यंत्रं त्याच्यावर पासवर्ड लावून बघू लागतात. एक्स्टेन्शन १०१, पासवर्ड १०१ असला की रात्रीतून परदेशात कॉल जातात आणि बिल आपल्या नावावर. लांब पासवर्ड, चुकीचे पासवर्ड लावणाऱ्याला आपोआप अडवणारं फेल-टू-बॅन, घरच्या एजंटना व्हीपीएन, आणि ट्रंकवर आयएसडी कंपनीकडूनच बंद. आपल्या सर्व्हरवरचं कुलूप फोडणारा आपल्या सर्व्हरवरचीच बंदी उठवू शकतो.

चालू करण्याआधीच्या चाचण्या: प्रत्येक कंपनीच्या सिमवरून एक कॉल, लँडलाइनवरून एक, दहा कॉल एकदम लावून अकरावा व्यस्त जातो का, दोन मिनिटं होल्ड, एकाकडून दुसऱ्याकडे वळवणं, आणि एक कॉल पस्तीस मिनिटं चालू ठेवणं. मग ट्रंकची केबल उपसायची. महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटतंच, तेव्हा कॉल राखीव मोबाइलवर गेला पाहिजे, आणि हे वळवणं टेलिफोन कंपनीच्या बाजूला लावलेलं हवं. आपला सर्व्हर बंद असेल तर तो काही वळवू शकत नाही. असा वळलेला कॉल रेकॉर्ड होत नाही आणि आपल्या रिपोर्टमध्येही येत नाही, त्यामुळे त्या दिवसाचा आकडा कंपनीच्या बिलातून काढून हाताने जोडावा लागतो.